समुपदेशकाची फी पहिल्याच भेटीत विचारा

ताप आला तर दवाखान्यात एकदा जाऊन भागते. तपासणी फी दिली, गोळ्या घेतल्या, प्रश्न मिटला. मनाच्या आजाराचे तसे नाही. सततची चिंता, उदासीनता, दारूचे व्यसन यांसाठी समुपदेशकाकडे आठवड्याला किंवा पंधरवड्याला जावे लागते. अशा सहा-आठ, कधी त्याहून जास्त बैठका होतात. उपचार मध्येच सुटतो त्यामागे पुष्कळदा पैसा असतो, पण ते कोणी बोलून दाखवत नाही. समुपदेशकाला वाटते, गुण आला असेल. रुग्णाला वाटते, मागची फी राहिली, आता कोणत्या तोंडाने जावे?

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे गाव. येथील माणूस उपचाराला हिंगोलीला जाईल नाही तर वाशीमला, फार तर नांदेड किंवा अकोला गाठेल. त्यामुळे खर्च नुसता फीचा नसतो. समजा, फी ५०० रुपये आहे. एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी, सोबत कोणी असेल तर त्याचीही, मिळून आणखी ५०० धरा. महिन्याला चार बैठका म्हणजे ४,००० रुपये झाले. हा हिशेब घरी कागदावर मांडून मगच जावे. जमत नसेल तर पहिल्याच भेटीत तसे सांगावे. पंधरा दिवसांनी बोलावता येईल का, मधली बैठक फोनवर होईल का, फीत काही सवलत आहे का, हे विचारण्यात कमीपणा नाही. गरज पाहून फी कमी करणारे समुपदेशक असतात, पण न सांगता त्यांना कळणार कसे?

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. डॉक्टरांच्या व्यवसायासंबंधी २००२ च्या नियमावलीप्रमाणे फी उपचाराआधी सांगायची असते आणि ती फलकावरही लावायची असते. ‘बरे वाटले तरच पैसे द्या’ असा करार याच नियमावलीने अनैतिक ठरवला आहे. तेव्हा असे आमिष कोणी दाखवले तर दोन पावले मागे यावे. डॉक्टर नसलेल्या समुपदेशकाला ही नियमावली लागू नाही, म्हणून तेथे जास्त चौकशी करावी. शिक्षण काय, हे विचारावे. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा.

चुकलेल्या भेटीचे पैसे हा वादाचा मोठा विषय. समुपदेशक एका माणसासाठी पाऊण तास, तासभर राखून ठेवतो. तो न आल्यास ती वेळ वाया जाते, म्हणून काही ठिकाणी न आल्याचीही फी घेतात. यात गैर नाही, पण नियम आधी कळला पाहिजे. किती तास अगोदर कळवावे लागते? गाडी चुकली किंवा नदीला पूर आला तर काय? दहा बैठकांचे पैसे एकदम मागितले तर घाई करू नये. एक-दोन बैठकांचे पैसे देऊन आधी सूर जुळतो का ते पाहावे. आगाऊ दिलेच तर पावती घ्यावी आणि मध्येच थांबल्यास किती परत मिळतील ते पावतीवर लिहून घ्यावे.

आणखी एक नाजूक बाब. फी मुलगा किंवा सासरा देतो म्हणून आत काय बोलणे झाले हे जाणण्याचा हक्क त्याला मिळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ जिवाला धोका असेल तेव्हा. ही गोष्ट सुनेला आणि पैसे देणाऱ्याला, दोघांनाही पहिल्या दिवशीच समुपदेशकाने सांगितलेली बरी.

हाच कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, कार्ड नसले तरीही. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. आरोग्य विमा असेल तर समुपदेशनाची फी त्यात बसते का ते कंपनीला विचारावे, कारण पुष्कळ पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात.

गोळ्या चालू असतील आणि पैशाची ओढाताण झाली, तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. नैराश्याच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्यास चक्कर, बेचैनी, झोप न लागणे असा त्रास होतो. डॉक्टरांना सांगावे. त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी ते लिहून देऊ शकतात.