३६ लाख, दीड कोटी, २० लाख… प्रो कबड्डी खेळाडूचं करिअर नेमकं चालतं कसं?

आधी एका खेळाडूच्या किमती वाचा. २०१८ : ३६ लाख ४० हजार. २०१९ : १ कोटी ४५ लाख. २०२१ : १ कोटी ३० लाख. २०२२ : २० लाख. २०२३ : १ कोटी. २०२४ : २६ लाख.

हा सगळा आलेख एकाच माणसाचा आहे. सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला रेडर. कबड्डीचे चाहते त्याला ‘बाहुबली’ म्हणतात. लिलाव झाला की इन्स्टावर कोटींचं पोस्टर फिरतं आणि खाली कमेंट येतात, ‘आता पोराला कबड्डीतच घालायचं.’ पण २० लाखांच्या वर्षाचं पोस्टर कुणी शेअर करत नाही. म्हणून ठरवलं, हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

तर झालं असं. २०१८ मध्ये प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबानं सिद्धार्थला ३६.४ लाखांना घेतलं. तोवर लीगमध्ये त्याचं नाव नव्हतं. पंचविशी ओलांडलेला हा नवखा गडी मॅटवर उतरला आणि हंगामभरात रेडमध्ये २१८ गुण घेऊन गेला. त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित खेळाडूही तोच ठरला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १.४५ कोटी मोजले, त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली होती. त्या वर्षी सिद्धार्थ आणि त्याचा भाऊ सूरज एकाच संघात होते.

आता गंमत बघा. दीड कोटीच्या घरात गेलेल्या त्या हंगामात सिद्धार्थचे रेडमधले गुण होते २१७. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक कमी. खेळ तेवढाच, किंमत मात्र जवळपास चौपट. आधीच्या वर्षी तो स्वस्तात मिळाला होता, दुसऱ्या वर्षी त्याचा खरा भाव लागला, एवढंच.

कोविडमुळे २०२० चा हंगाम झालाच नाही. २०२१ च्या लिलावात टायटन्सनं त्याला १.३० कोटींना परत घेतलं. हंगाम सुरू झाला आणि पहिल्या काही सामन्यांतच दुखापतीनं तो बाहेर गेला. पुढच्या लिलावात त्याच संघानं तोच खेळाडू २० लाखांत घेतला. मग २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सनं पुन्हा १ कोटी लावले आणि संघ फायनलपर्यंतही गेला. २०२४ मध्ये दबंग दिल्लीनं घेतलं तेव्हा आकडा होता २६ लाख.

हे असं का होतं?

कारण प्रत्येक फ्रँचायझीच्या खिशात मोजके पैसे असतात. अलीकडच्या हंगामांत ही मर्यादा ५ कोटींची आहे आणि त्यात किमान १८ जणांचा संघ उभा करायचा असतो. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट पडतात. दहाव्या हंगामात त्यांची मूळ किंमत अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख होती. एकावर दोन-अडीच कोटी गेले की उरलेल्यांचं गणित आवळावं लागतं. त्याच हंगामात टायटन्सनं पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका खेळाडूवर. निकाल? २२ पैकी फक्त २ विजय आणि गुणतक्त्यात तळाला. पवन वाईट खेळला असं नाही, पण कबड्डी सात जणांनी खेळायची असते.

आणि ही किंमत त्या हंगामापुरती असते. संघानं राखून ठेवलं नाही तर पुढच्या लिलावात पुन्हा टेबलावर. तिथे खेळाडू स्वतःसाठी एक शब्दही बोलत नाही. कोणत्या शहराकडून खेळायचं हेही तो ठरवत नाही. समोरचे लोक बघतात दोन गोष्टी : मागच्या हंगामातले गुण आणि गुडघे-खांदे शाबूत आहेत का.

गुडघ्यांचं एवढं काय? रेडर एकटा आत जातो, ३० सेकंदांत. समोर सात जण असू शकतात. एकानं घोटा धरला, दुसऱ्यानं कंबर, तिसरा अंगावर पडला, आणि हा मात्र उलट दिशेला मध्यरेषेकडे ओढतोय. सगळा पीळ गुडघ्यावर आणि खांद्यावर येतो. शिवाय गावाकडे आपण मातीवर अनवाणी खेळतो, तिथे पाय घसरतो आणि सुटतो. मॅटवर बूट घट्ट धरून बसतो, पाय सुटत नाही, मग गुडघाच वळतो.

पवनचंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजनं त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख मोजले, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. अख्खा हंगाम बाकावर. आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार घ्या. त्याच्या कप्तानीत पुणेरी पलटणनं दहावा हंगाम जिंकला, हँगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलेल्या भारतीय संघातही तो होता. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीनं त्याला मध्येच थांबावं लागलं.

जगात इतरत्र काय चालतं? अंगावर येणाऱ्या खेळांमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलची तुलना करण्यासारखी आहे. अंडाकृती चेंडू, ओव्हल मैदान, एका बाजूला १८ खेळाडू. तिथेही पोरानं क्लब निवडायचा नसतो. साधारण अठराव्या वर्षी ‘ड्राफ्ट’ होतो आणि क्लब त्याला उचलतात. पण उचललं की हातात किमान दोन वर्षांचा करार येतो. खेळाडूंची स्वतःची संघटना १९७३ पासून आहे आणि पगाराची बोलणी तीच लीगशी एकगठ्ठा करते. तरी शरीराचा धोका तिथेही सुटलेला नाही. मेलबर्न क्लबचा अँगस ब्रेशॉ २०२१ चा विजेता खेळाडू. २०२३ मध्ये डोक्याला मार बसला आणि २०२४ च्या सुरुवातीला डॉक्टरांच्या सल्ल्यानं, वयाच्या २८ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. फरक इतकाच की एका वाईट वर्षानं तिथे लगेच भाव सातपटीनं खाली येत नाही.

मग आपल्याकडचे खेळाडू वर्षभर जगतात कशावर? लीग चालते साधारण तीन महिने. उरलेल्या नऊ महिन्यांचं उत्तर जुनंच आहे : खात्याची नोकरी.

हे ऐकायला कोटींच्या पोस्टरइतकं भारी वाटत नाही, मान्य. पण मोठी नावं तपासा. यू मुंबाला दुसऱ्या हंगामात जिंकून देणारा अनुप कुमार हरियाणा पोलिसांत. भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूर हिमाचल पोलिसांत डीएसपी. पवन सेहरावत रेल्वेत. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग ठरलेला राकेश कुमारही रेल्वेचाच, आणि तेव्हाची ती सगळ्यात मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची! लीग येण्याच्या कितीतरी आधीपासून कबड्डी या खात्यांनी जगवली. महाराष्ट्रात मध्य रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा, मुंबई पोर्ट ट्रस्ट यांचे संघ म्हणजे पोरांचं स्वप्न असायचं.

मुलींसाठी तर आजही तोच मुख्य रस्ता आहे. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगसोबत महिलांची तीन संघांची ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झाली, स्टॉर्म क्वीन्स जिंकल्या. पुढच्या हंगामांत ती काही परत आली नाही. प्रेक्षक मिळाले नसतील, असं म्हणणाऱ्यांनी पुरुषांच्या लीगला किती हंगाम दिले गेले तेही मोजावं.

आता चुडाव्यासारख्या गावात, पूर्णा-नांदेड लोहमार्गाच्या कडेला संध्याकाळी मैदान आखणाऱ्या पोराच्या कामाची गोष्ट. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यात मान्यताप्राप्त राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली कामगिरी बघितली जाते, लिलावातली बोली नाही. कोणत्या पदासाठी कोणत्या पातळीचं पदक लागतं ते शासन निर्णयात दिलेलं असतं. गावच्या जत्रेतली ढाल किंवा आमदार चषकाचं सर्टिफिकेट इथे चालत नाही, भले फायनल कितीही चुरशीची झालेली असो.

म्हणून क्रम असा : शाळा-कॉलेजच्या शासकीय स्पर्धा, जिल्हा संघटनेकडे नोंदणी, जिल्हा संघाची निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद, आणि तिथून महाराष्ट्राच्या संघात जागा मिळाली तर राष्ट्रीय स्पर्धा. खात्यांचे आणि फ्रँचायझींचे लोक तिथे खेळाडू हेरतात. मॅटवरचा सरावही लवकर सुरू झालेला बरा. जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं तरी.

प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र जपून ठेवायचं, नाव-जन्मतारीख दहावीच्या सनदेशी जुळते का बघायचं. भरतीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघड झाल्यापासून तिथे कागद बारकाईनं तपासले जातात. अर्जाची मुदत संपत आल्यावर पडताळणीसाठी धावण्यापेक्षा जाहिरात यायच्या आधीच ते काम उरकलेलं चांगलं.