दिवाळीत २० जण जेवायला? पॉटलक असे आखा

दिवाळीत १५-२० जण जेवायला येणार म्हटले की सगळा भार यजमानाच्या, म्हणजे बहुतेकदा घरातल्या बाईच्या अंगावर पडतो. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, हा त्यावरचा उपाय म्हणजे पॉटलक. आपली अंगतपंगत याच जातीची.

कोणी काय आणायचे?
‘काहीही आणा’ म्हटले, की चार घरांतून गुलाबजाम येतात आणि पोळ्या कोणाकडेच नसतात. म्हणून आठवडाभर आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकून पदार्थापुढे नाव लिहून घ्यावे. भात, आमटी, पुऱ्या यजमानाकडे. लांबून येणाऱ्यांकडे लाडू, चटणी. कोशिंबिरीत दही-मीठ वाढतानाच घालावे, नाहीतर पाणी सुटते. स्वयंपाक न जमणाऱ्यांनी फळे, पत्रावळी आणाव्यात.

अन्न किती वेळ बाहेर चालते?
जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. भाताबाबत विशेष जपावे. ‘बॅसिलस सेरियस’ जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात बाहेर राहिल्यास ते वाढून विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. त्यामुळे मसालेभात पाहुणे आल्यावरच शिजवावा.

चिठ्ठी का लावायची?
शेंगदाणे, काजूची अॅलर्जी काहींना जिवावर बेतू शकते. डब्यावर मुख्य घटक लिहावेत.

भांडीही वाटून घासावीत. उरलेला फराळ त्याच डब्यांत भरून द्यावा. डबा रिकामा परत न करण्याची रीतही राहते.