खुर्चीत बसण्याआधी

बँकेतल्या माणसाची बदली झाली की नव्या गावात त्याला तीन गोष्टी शोधाव्या लागतात : घर, दूधवाला आणि केस कापणारा. पहिल्या दोन शाखेतला शिपाई संध्याकाळपर्यंत मिळवून देतो. तिसरी ज्याची त्याने शोधायची. दुसऱ्याने शिफारस केलेला कारागीर आपल्या डोक्याला मानवेलच असे नाही. शिफारस करणाऱ्याचे केस सरळ, आपले कुरळे. त्याच्या डोक्यावर एक भोवरा, आपल्या डोक्यावर दोन.

ओला केस लांब दिसतो, वाळला की आखडतो. कुरळा असेल तर अधिकच. भोवऱ्यापाशी फार बारीक केले तर केस उभे राहतात. वाढ महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे बिघडलेले काम निस्तरायला दीड-दोन महिने गेले! म्हणून कात्री उचलण्याआधी जो कोरड्या केसांतून बोटे फिरवतो, भोवरा पाहतो आणि भांग कुठे पाडता असे विचारतो, त्याच्या हाती मान द्यायला हरकत नाही. नोकरीत असताना माझी आणखी एक युक्ती होती. काउंटरपलीकडचा माणूस स्लिपवर सही करायला किंवा अंगठा उठवायला वाकला की त्याचे डोके वरून दिसते. कानामागे टप्पे पडलेत का, मानेवरची रेघ सरळ आहे का, काही लपत नाही. चांगले डोके दिसले की मी विचारायचो, ‘कुठे कापता?’

खांडबाऱ्याला असाच एक पत्ता मिळाला. खांडबारा म्हणजे नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. मी तिथे होतो तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. दुकान दोन खुर्च्यांचे, समोर लाकडी बाक. बाजाराचा दिवस होता. बाकावर पाड्यावरून आलेले दोघे आदिवासी मजूर बसले होते. ‘साहेबांना आधी घे रे,’ शेजारच्या पानटपरीवरून कोणीतरी म्हणाले. कारागिराने कात्री न थांबवता मलाच सांगितले, ‘तुमना आधी दोन जन शेतस, सायेब.’ मग हसून म्हणाला, बँकेत टोकन असते ना, तसेच इथे समजा. मी बसलो. चांगला पाऊण तास. त्या दोघांच्या गळ्याभोवती बांधलेले पांढरे कापड झटकून त्याने तेच माझ्या गळ्याभोवती बांधले. त्यांचाही भोवरा त्याने पाहिला होता, त्यांनाही मागे आरसा धरून मान दाखवली होती. खांडबाऱ्यात होतो तोवर मी दुसरीकडे गेलो नाही.

यात काय एवढे, असे वाटेल. पण सलून निवडणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. बलुतेदारीत न्हावी गावाचा. काम करायचा तो सुगीला मिळणाऱ्या धान्यावर. गिऱ्हाइकाला न्हावी निवडता येत नसे आणि न्हाव्याला गिऱ्हाईक. अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला तर त्याने हातच लावायचा नाही. लावला तर उरलेले गाव त्याच्यावर बहिष्कार टाकणार. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दुकानांत सर्वांना प्रवेश देणाऱ्या कलमावर चर्चा चालू असताना, ‘दुकान’ या शब्दात काय काय येते असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात उदाहरणे घेतली ती न्हाव्याची आणि धोब्याची. सेवा देणारेही त्या शब्दात आले. घटनेच्या पंधराव्या कलमात तो शब्द आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदा १९५५ मध्ये आला. तरी अमुक गावात अमुक वस्तीचे केस कापायला नकार, अशा बातम्या त्यानंतरही येतच राहिल्या. नकार शोभून दिसला तो १८९० साली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला होता. त्याच कारागिरांच्या हाती ती सत्ताही होती!

असो. आता नंदुरबारपासून नाशिकपर्यंत ‘युनिसेक्स’च्या पाट्या लागल्या आहेत आणि निवडीचा गोंधळ वाढला आहे. नटाचा फोटो दाखवण्यापेक्षा स्वतःचे केस बरे दिसले होते तेव्हाचा फोटो न्यावा. नटाचे कपाळ आपल्याला नसते. पाते आपल्यासमोर नवे लावले जाते का, हे न लाजता पाहावे. काविळीचा हिपॅटायटिस बी विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही जातो. मालिश संपताना मान कडकन मोडू देऊ नये. बेसिनवर मान फार मागे ताणून केस धुतल्यानंतर काही स्त्रियांना पक्षाघाताचा त्रास झाल्याचे अमेरिकेतले मज्जाविकारतज्ज्ञ वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्येच नोंदवले आहे. बायकोने ‘मानेखाली टॉवेल द्या’ असे पार्लरमध्ये सांगितले, तेव्हा तिथल्या मुलीने तिच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले म्हणे. टॉवेल दिला मात्र.

नव्या दुकानात पहिल्या दिवशी मी केस कापत नाही. वर्तमानपत्र घेऊन बाकावर बसतो. मोटारीतून घाईत उतरलेला गृहस्थ आणि आधीपासून बसलेला हमाल, यांतल्या कोणाला खुर्ची मिळते ते पाहतो. निवृत्तीनंतर आम्ही राहतो त्या भागात तीन सलून आहेत. दोन पाहून झाली. तिसऱ्यात रविवारी गर्दी असते, म्हणून आजच जाणार आहे.