पोटाची दुसरी शस्त्रक्रिया : होकार देण्याआधी कारण शोधा

रविवारची वंदना संपल्यावर घोडपदेवच्या एक ताई आमच्याजवळ थांबल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी वजन कमी करण्यासाठी खासगी रुग्णालयात पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतपेढीचे कर्ज काढले होते, ते फिटायला चार वर्षे लागली. वजन ११२ किलोवरून ७८ किलोवर आले आणि साखरेच्या गोळ्या सुटल्या. पुढे वजन हळूहळू ९५ वर गेले. रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येऊ लागले. आता डॉक्टर म्हणतात, पहिली शस्त्रक्रिया बदलून दुसऱ्या प्रकारची करावी लागेल. घरचे म्हणतात, "पैसे पाण्यात गेले." शेजारीण म्हणते, "हिचंच तोंड आवरत नाही." ताईंचा प्रश्न एकच होता, "पुन्हा कर्ज काढू की नको?"

करावी की नको, हे तपासणी करणारे डॉक्टरच सांगू शकतात. पण त्यांना काय विचारायचे, कोणते कागद न्यायचे आणि होकार कधी द्यायचा, हे आपल्याला कळायलाच हवे. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान या विषयाला दिले आहे.

आधी दोष देणे थांबवूया

लठ्ठपणा हा आजार आहे. तो आळसाचा पुरावा नाही, नशीब नाही आणि मागच्या जन्माचे फळ तर नाहीच. रात्रपाळी, अपुरी झोप, पायी फिरायला जागा नसलेली वस्ती, पोट भरायला सर्वांत स्वस्त म्हणून वडापाव आणि फरसाण, काही औषधे, थायरॉइड, घराण्यातला मधुमेह, असे सगळे मिळून वजन वाढते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. आजारी माणसाला नावे ठेवून कोणाचा आजार बरा झालेला नाही.

वजन उतरले की शरीर ते परत मिळवायला बघते. भूक वाढते आणि उष्मांक कमी जळतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते दीड वर्षात वजन सर्वांत खाली येते, नंतर काही किलो परत येणे नेहमीचे आहे. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. पण घटलेल्या वजनातला मोठा भाग परत आला, मधुमेह उलटला किंवा नवा त्रास सुरू झाला, तर कारण शोधले पाहिजे.

कोणत्या शस्त्रक्रियेत काय होते

बॅण्ड : जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवतात. तो त्वचेखालच्या एका झडपेतून पाणी भरून आवळता येतो. पूर्वी ही पद्धत बरीच चालत असे, आता मागे पडली आहे. पट्टा सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे, नळी गळणे असे त्रास वर्षांनंतरही होतात.

स्लीव्ह : जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढतात. उरते ती शर्टाच्या बाहीसारखी निमुळती नळी. भुकेचे एक संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होते, त्यामुळे भूकही कमी लागते. काढलेला भाग परत जोडता येत नाही.

बायपास : जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जे. जे. चा उड्डाणपूल खालच्या महंमद अली रोडची गर्दी टाळून वरून पुढे जातो, तसे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. खालचा रस्ता मात्र जागेवर असतो. जठर आत राहते, त्याचा रस पुढे येऊन अन्नात मिसळतो. याचाच एका जोडाचा प्रकार 'मिनी बायपास' म्हणून ओळखला जातो.

दुसरी कधी करावी लागते

कधी दोन शस्त्रक्रिया सुरुवातीपासूनच ठरलेल्या असतात. स्लीव्हचा जन्मच असा झाला. अतिशय वजनदार रुग्णाला एकदम मोठी शस्त्रक्रिया झेपत नाही, म्हणून आधी जठर लहान करायचे आणि वजन उतरल्यावर आतड्याचे काम करायचे, अशी पद्धत २००० च्या सुमारास सुरू झाली. बऱ्याच जणांचे पहिल्या टप्प्यातच भागले आणि स्लीव्ह स्वतंत्र शस्त्रक्रिया ठरली. मुंबई परिसरातल्या, सुमारे ३०० किलो वजनाच्या एका महिलेवर २०१५ मध्ये स्लीव्ह आणि २०१७ मध्ये बायपास झाल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. तिचे वजन पुढे ८६ किलोवर आले. २०१७ मध्ये चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात इजिप्तहून आलेल्या महिलेवर स्लीव्हच झाली. तिला इतर गंभीर आजारही होते आणि त्याच वर्षी अबुधाबीत तिचे निधन झाले. म्हणजे किती किलो उतरले यापेक्षा हृदय, मूत्रपिंड आणि फुप्फुसे कशी आहेत, हे आधी बघावे लागते.

आपल्या ताईंसारख्यांच्या बाबतीत मात्र दुसरी शस्त्रक्रिया नंतर पुढे येते. त्याची मुख्य कारणे तीन.

पहिले, बांधणीचा दोष. पट्टा सरकला, स्लीव्हची नळी मध्येच अरुंद झाली किंवा पिळली, बायपासची पिशवी वा जोड रुंदावला. इथे रुग्णाची काही चूक नसते.

दुसरे, आम्लाचा त्रास. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणे सुरू होते. आधी गोळ्या, उशाकडची बाजू उंच करणे आणि रात्रीचे जेवण लवकर घेणे हे उपाय करतात. तरीही त्रास राहिला, किंवा अन्ननलिकेच्या अस्तरात बदल दिसले, तर स्लीव्हचा बायपास करणे हा मानलेला उपाय आहे. अशा रुग्णाला दोन जोडांचा नेहमीचा बायपास बहुधा बरा पडतो, कारण मिनी बायपासमध्ये पित्त वर येण्याची शक्यता असते.

तिसरे, खाणे, औषधे, मनावरचा ताण किंवा दुसरा आजार. दिवसभर थोडे थोडे गोड खाणे, पाच-सहा कप साखरेचा चहा, दारू, स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइड, मनाची खिन्नता. कारण हे असेल तर नुसते आतडे बदलून वजन राहणार नाही. आधी त्यावर उपचार हवा. वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनेही २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. ती बंद केली की वजन बहुधा परत येते आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. पण काहींना त्यांनी दुसरी शस्त्रक्रिया टाळता येते, म्हणून विचारून बघावे.

कोणती कशात बदलता येते, तेही ठाऊक असावे. बॅण्ड काढून स्लीव्ह किंवा बायपास करतात. आतली सूज उतरावी म्हणून अनेक डॉक्टर मध्ये काही महिने थांबतात. स्लीव्हचा बायपास होतो. बायपासनंतर पर्याय कमी उरतात आणि काम अवघड होते.

धोका किती, फायदा किती

दुसऱ्या वेळी पोटात जुने व्रण असतात, आतडी एकमेकांना चिकटलेली असतात. त्यामुळे टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. वजनही सहसा पहिल्या वेळेइतके उतरत नाही. आम्लाचा त्रास जाणे हा मोठा फायदा असू शकतो, पण 'पुन्हा ३० किलो नक्की जातील' अशी हमी कोणी देत असेल तर सावध व्हा.

म्हणून होकार देण्याआधी एवढे झालेच पाहिजे : दुर्बिणीने अन्ननलिका व जठराची तपासणी, बेरियम पाजून एक्स-रे, रक्तातले लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, आहारतज्ज्ञांशी बोलणे आणि मनाची विचारपूस. आणि डॉक्टरांना सरळ विचारा : माझे कारण वरच्या तिघांपैकी कोणते? ते कोणत्या तपासणीत दिसले? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? अशा दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या आहेत? गळती झाली तर अतिदक्षता विभाग इथेच आहे का, आणि तो खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे का? कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे आपल्याला बुद्धांनीच शिकवले आहे. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरांकडे पोट उघडायची घाई नको.

कागद आणि पैसा

पहिल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना ती नकाशासारखी लागते. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद तीन वर्षे ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणजे उशीर केला तर कागद हाती लागतीलच असे नाही.

कर्ज काढण्याआधी दुसरे मत घ्या. भायखळ्यात जे. जे. रुग्णालय आपल्या दारात आहे, नायर आणि केईएमही लांब नाहीत. केसपेपर काढून सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात जुने कागद दाखवा. घरात कोणी मध्य रेल्वेत असेल तर भायखळ्याच्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर रेल्वे रुग्णालयात आधी विचारा. सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत बीएमआय ४० किंवा जास्त असेल, अथवा ३५ किंवा जास्त असून आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असेल, आणि साधे उपाय थकले असतील, तरच अशी शस्त्रक्रिया मान्य होते. बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची दीड मीटर आणि वजन ९० किलो असेल तर तो ४० येतो. विमा कंपनीची मंजुरी लेखी घ्या, तोंडी नको.

नंतरची काळजी जन्मभर

बायपासनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर लागतात. दर वर्षी रक्त तपासावे लागते. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरा. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी बंद. अंगदुखीसाठी ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, जोडावर अल्सर होतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, दुसरे साधन विचारून घ्या.

ताटात आधी प्रथिने : अंडे, डाळ, मटकी, सुकट, बोंबील, चिकन. घास छोटे, चावून चावून. जेवताना पाणी नको.

शस्त्रक्रियेनंतर ताप, छातीत धडधड, धाप, पोटात वाढती कळ, काळी शी, पायाला सूज यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उलट्या थांबत नसतील तर वाट पाहू नका. बी-१ जीवनसत्त्व संपून मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. बायपासला वर्षे झाली आणि अचानक पोटात पिळवटून कळ आली, तर गल्लीतल्या दवाखान्यातून गॅसची गोळी घेऊन झोपू नका. आतडे आत अडकलेले असू शकते. मोठ्या रुग्णालयात जाऊन पहिले वाक्य हेच सांगा, "माझा पोटाचा बायपास झाला आहे." खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर टीबीची तपासणी करा, जठराच्या शस्त्रक्रियेनंतर तो धोकाही वाढतो.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी भरपूर जेवून धापा टाकत बुद्धांकडे आल्याची गोष्ट आहे. बुद्धांनी त्याला हिणवले नाही. जेवताना सजग राहण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला तो उपदेश रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितला आणि हळूहळू त्याचे जेवण कमी झाले. राजालाही रोज शेजारी बसणारे माणूस लागले. आपल्या घरातल्या ताईला, वहिनीला, भावाला ते का लागू नये? टोमणे मारणाऱ्यांनी संध्याकाळी तिच्याबरोबर राणीच्या बागेला एक फेरी मारावी.

त्या ताईंना आम्ही एवढेच सांगितले : कर्ज आज काढू नका. आधी जुने कागद शोधा, दुर्बिणीची तपासणी करा, दुसरे मत घ्या. कारण सापडले आणि ते शस्त्रक्रियेनेच सुटणारे असले, तर लाजू नका, घाबरू नका. ती तुमची हार नाही, पुढचा उपचार आहे. पुढच्या आठवड्यात महिला मंडळाच्या दोघी त्यांच्यासोबत केसपेपर काढायला जाणार आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!