माळवदाचे २७ टन

वीस बाय तीस फुटांच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, फूटभर मातीचा थर धरला, तर वजन भरते २७ टन. ६०० घनफूट म्हणजे ६ ब्रास, घनमीटरला १.६ टन हा हिशेब. परभणी जिल्ह्यातल्या जुन्या घरांवर गळती थांबवायला पावसाळ्याआधी नवी माती चढतच गेली, तेव्हा फूटभर हा हात राखून धरलेला आकडा. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि हाच भार माणसांच्या अंगावर आला. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ला हिंगोलीत झालेले ४.५ तीव्रतेचे भूकंप परभणीतही जाणवले. म्हणून दुरुस्तीची पहिली बाब माळवद उतरवणे.

उतरवलेली माती सुटी झाली की साधारण सव्वापट होते: साडेसात ब्रास, म्हणजे ब्रासाच्या ट्रॉलीने ८ खेपा. ‘चौरस फुटाला अमुक’ असा उक्ता दर सांगणाऱ्या गुत्तेदाराने या खेपा धरल्यात की नाहीत, ते कागदावर दिसत नाही. दोन कोटेशनांत लाखाचा फरक असेल, तर दराआधी बाबी मोजाव्यात.

प्लॅस्टरचेही तसेच. विटेच्या भिंतीला १२ मिलिमीटर जाडी पुरते. ओबडधोबड दगडी भिंत सरळ करताना सरासरी ३६ मिलिमीटर लागली, तर माल तिप्पट. जाडी न लिहिलेला दर हा दर नव्हेच.

प्लॅस्टरच्या मोजणीत दारांचा हिशेब गमतीचा आहे. भारतीय मानक १२०० प्रमाणे अर्धा ते ३ चौरस मीटरच्या मोकळ्या जागेसाठी, दोन्ही बाजूंना प्लॅस्टर असले तरी, एकाच बाजूची वजावट होते. कडांचे वेगळे पैसे नाहीत. तीन बाय सातच्या दारात गुत्तेदाराला २१ चौरस फूट जास्तीचे मिळतात. नऊ इंची भिंतीत कडा पावणेतेरा चौरस फूट, म्हणजे तो सव्वाआठ चौरस फूट फायद्यात. दोन फुटी भिंतीत कडा ३४ चौरस फूट. तो १३ चौरस फूट तोट्यात. जुन्या घराला तो ‘कडा वेगळ्या’ म्हणतो, त्यामागे हे गणित आहे.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्क्यांवर आला. करासह किंमत त्यामुळे ७.८ टक्क्यांनी उतरायला हवी. पण १० लाखांच्या जुन्या अंदाजात सिमेंट दीड लाखाचे धरले, तर बचत ११,७०० रुपये, जेमतेम १.२ टक्के. उलट, मालासहित गुत्त्यावर नोंदणीकृत गुत्तेदार १८ टक्के कर लावतो: १० लाखांचे ११ लाख ८० हजार. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्याला नोंदणीची सक्ती नाही. दोघांची तुलना करासह रकमेवरच करावी.

सर्वांत कमी बोलीत आणखी एक बाब तपासायची: माळवदातून निघणारे जुने सागवान कोणाचे? सहा बाय आठ इंची, दहा फुटी १२ तुळया म्हणजे ४० घनफूट. घनफुटाला १,५०० रुपये धरले तरी ६० हजार. बोली ५० हजारांनी कमी असेल आणि ‘निघालेला माल गुत्तेदाराचा’ असे लिहिले असेल, तर ती १० हजारांनी महाग आहे.