दरपत्रकामागची प्रयोगशाळा

आयव्हीएफ, म्हणजे स्त्रीबीज व शुक्राणू यांचा शरीराबाहेर संयोग घडवून तयार झालेले भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार, महाराष्ट्रातील खासगी केंद्रांत ‘सायकल’च्या हिशेबाने आकारला जातो. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू होणारी इंजेक्शने, अधूनमधून होणारी सोनोग्राफी, स्त्रीबीजे बाहेर काढण्याची छोटी शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेतील तीन ते पाच दिवस, भ्रूणाचे रोपण आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होणारी बीटा एचसीजीची रक्ततपासणी हा सगळा प्रवास म्हणजे एक सायकल. तिच्या शेवटी मूल होईलच असे नाही, आणि बऱ्याचदा पहिल्या खेपेस ते होतही नाही. सर्व धरून एका सायकलला साधारण सव्वा ते अडीच लाख रुपये लागतात, पण फलकावरचा आकडा याहून बराच लहान असतो, कारण त्यात इंजेक्शने, उरलेली भ्रूणे गोठवणे, त्यांच्या साठवणुकीचे वार्षिक शुल्क आणि गोठवलेले भ्रूण पुढे सोडण्याचा खर्च यांपैकी काही ना काही वगळलेले असते. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वावरील उपचार हा प्रमाणित वगळणुकीचा भाग असल्याने हा पैसा सोने, भविष्य निर्वाह निधी किंवा मासिक हप्ता यांतूनच उभा राहतो. म्हणून परवडणारे केंद्र निवडताना एकूण दराइतकाच, काटकसर नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

काही टप्प्यांवर ती निर्धोकपणे होऊ शकते. एरवी एका पाळीत एकच बीज पक्व होते. इंजेक्शनांतील संप्रेरकांमुळे एकाच वेळी अनेक फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढते त्या द्रवाने भरलेल्या पिशव्या, वाढीस लागतात. ही संप्रेरके मूत्रापासून शुद्ध केलेली असतात किंवा जनुकीय तंत्राने बनवलेली. दुसरा प्रकार लक्षणीय महाग असतो, परंतु जिवंत अपत्यजन्माच्या बाबतीत दोहोंत म्हणण्यासारखा फरक अभ्यासांतून आढळलेला नाही. जे केंद्र हे सांगून स्वस्त इंजेक्शन लिहून देते, ते रुग्णाचे पैसे खरोखर वाचवते. मात्र औषधासकट ठरावीक रकमेच्या पॅकेजमध्ये डोस किती, आणि तो वाढवावा लागल्यास वरचा खर्च कोणाचा, हे आधी विचारलेले बरे, कारण डोस ठरतो तो वय, वजन, एएमएच नावाच्या रक्ततपासणीतून कळणारा बीजांचा अंदाजे साठा आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान फॉलिकलांची संख्या यांवरून, पॅकेजच्या रकमेवरून नव्हे.

खरी किंमत असते ती रुग्णाला कधीच न दिसणाऱ्या खोलीची. ‘ट्रिगर’ म्हणून ओळखले जाणारे शेवटचे इंजेक्शन घड्याळ लावून दिले जाते आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी, भूल देऊन, सोनोग्राफीच्या आधाराने योनिमार्गातून सुई नेऊन फॉलिकलांतील द्रव शोषून घेतला जातो. पिवळसर किंवा रक्तमिश्रित द्रवाच्या कोमट नळ्या भिंतीतल्या खिडकीतून शेजारच्या प्रयोगशाळेत जातात, तेथे भ्रूणवैज्ञानिक तो द्रव तबकडीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या धूसर पुंजक्यात दडलेले, मिलिमीटरच्या जेमतेम एक दशांश आकाराचे बीज शोधतो, आणि सापडताच बाहेर आकडा सांगितला जातो; शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणारी स्त्री पहिला प्रश्न विचारते तो ‘किती अंडी निघाली?’ हाच. हे काम गरम पृष्ठभागावर आणि झपाट्याने करावे लागते, कारण तापमान थोडे उतरले तरी बीजातील गुणसूत्रे सांभाळणारी नाजूक रचना विस्कटू शकते. पुढचे दिवस बीजे, आणि फलनानंतर भ्रूणे, ३७ अंश सेल्सिअस तापमान, नियंत्रित कार्बन डायऑक्साइड आणि बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी कमी, सुमारे ५ टक्के, ऑक्सिजन असलेल्या उबवणपेटीत राहतात. खोलीची हवा गाळून घेतलेली असते आणि आत काम करणारे अत्तर लावत नाहीत, कारण हवेत विरणारी रसायने भ्रूणाला बाधतात.

फलन दोन रीतींनी होते: तबकडीत बीजाभोवती शुक्राणू सोडून, किंवा इक्सी या पद्धतीने एकच शुक्राणू काचेच्या सूक्ष्म सुईने थेट बीजात सोडून. सोळा-अठरा तासांनी बीजात दोन केंद्रके दिसली की फलन नीट झाले असे मानतात. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी आणि पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी व पेशींचा पुंजका असलेले भ्रूण, अशी वाढ अपेक्षित असते. प्रत्येक टप्प्यावर गळती होते: दहा बीजे निघाली तर त्यांतील आठ पक्व, पाच-सहा फलित आणि दोन-तीनच ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचलेली, हे चांगल्या प्रयोगशाळेतलेही सर्वसाधारण चित्र आहे. निकृष्ट प्रयोगशाळेत ही गळती वाढते, आणि वाढली तरी रुग्णाच्या हाती येणाऱ्या कागदावर ‘बीजांची गुणवत्ता कमी’ एवढेच लिहिलेले असते.

दर उतरवण्यासाठी येथे जी काटछाट होते ती म्हणूनच धोक्याची. एका पेटीत अनेकींची भ्रूणे ठेवली की दार वारंवार उघडते आणि आतले वायू व तापमान हलते; पेटीचे तापमान स्वतंत्र उपकरणाने रोज तपासून नोंदवणे हे काम कंटाळवाणे असल्याने सर्वांत आधी तेच वगळले जाते. लहान शहरांत आणखी एक रीत आढळते, ती ‘बॅच’ची: भ्रूणवैज्ञानिक पुण्या-मुंबईहून ठरलेल्या तारखांना येतो आणि त्या तारखांशी जुळावे म्हणून अनेक स्त्रियांची पाळी गोळ्यांनी पुढे-मागे केली जाते. बॅच हे मुळातच वाईट असे म्हणता येत नाही. अनुभवी माणूस महिन्यातले काही दिवस येणे हे अननुभवी माणूस रोज असण्यापेक्षा चांगले ठरू शकते. पण तो शस्त्रक्रियेच्या दिवसानंतर थांबतो का, की पाचव्या दिवसाच्या भ्रूणांकडे तंत्रज्ञच पाहतो, हे थेट विचारण्याजोगे आहे, आणि उत्तर देताना डॉक्टर अडखळले तर तेही उत्तरच होय. वीज गेल्यास पेट्या कशावर चालतात हा प्रश्नही मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात अस्थानी नाही.

यशाच्या टक्केवारीत यश कशाला म्हटले आहे आणि छेद कोणता, हे क्वचितच सांगितले जाते. बीटा पॉझिटिव्ह येणे, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसणे आणि बाळ घरी येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच भ्रूण सोडलेल्या स्त्रियांमागे यश मोजले की ज्यांच्याकडे भ्रूणच तयार झाले नाही त्या हिशेबातून गळतात. ब्रिटनमध्ये मानवी फलन व भ्रूणविज्ञान प्राधिकरण केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध करते; भारतात तशी सोय नाही. मात्र जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्याने नोंदणी सक्तीची केली असून उपचाराचा खर्च, यशाची शक्यता आणि जुळ्या-तिळ्यांसह सर्व धोके जोडप्याला समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्य ठरवले आहे, तेव्हा असे प्रश्न विचारणे हा आगाऊपणा नव्हे. जुळ्यांचा उल्लेख कायद्यात उगीच नाही: एकाऐवजी दोन-तीन भ्रूणे सोडली की टक्केवारी फुगते, पण अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांना नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तर त्याचे बिल कधी कधी सबंध सायकलपेक्षा मोठे होते आणि ते भलत्याच रुग्णालयाच्या नावाने फाटते.

पुरवणी उपचारांबाबत तर हात आखडता घेणेच योग्य. गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढण्याच्या उपचाराने अपत्यजन्म वाढत नाहीत असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. पुरुषात दोष नसताना इक्सीने साध्या फलनापेक्षा अधिक बाळे जन्मत नाहीत असे २०२१ मध्ये व्हिएतनाममधील चाचणीने दाखवले, तरीही आपल्याकडे इक्सी सरसकट केली जाते.

काटकसर आणि दर्जा यांचे मुळातच वैर नाही. बेल्जियममधील ‘वॉकिंग एग’ प्रकल्पात सायट्रिक ॲसिड व खाण्याचा सोडा यांपासून बंद काचनळीतच कार्बन डायऑक्साइड तयार करून महागड्या वायुपेट्यांना पर्याय शोधला गेला आणि त्यातून निरोगी बाळे जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफद्वारे हर्षा चावडा ही मुलगी जन्मली तीही परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात. त्यानंतर मात्र हे तंत्र मुख्यतः खासगी क्षेत्रातच वाढले. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झाले, पण अशा सार्वजनिक सोयी अजून मोजक्या आहेत आणि जिथे सोयी मोजक्या तिथे रांग असते. अठ्ठाविशीतल्या, बीजांचा साठा चांगला असलेल्या स्त्रीला रांगेतले सहा-आठ महिने फारसे महाग पडत नाहीत. एकोणचाळिसाव्या वर्षी तेच महिने बीजांच्या संख्येतून आणि गुणवत्तेतून वसूल होतात, आणि तिच्या बाबतीत फुकट उपचारापेक्षा जवळच्या शहरातील, साध्या इमारतीतले पण नीट प्रयोगशाळेचे केंद्र स्वस्त पडण्याची शक्यता अधिक.