झोपलेल्या माणसाला उठवणारा अलार्म

आजचं आमचं बोलणं ज्यांच्या सर्वांत उपयोगाचं आहे, त्यांतल्या कित्येकांना रेडिओ ऐकूच येत नाही. म्हणून हे भाषण अंकात छापायचं, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. तुमच्या मजल्यावर कुणी कर्णबधिर राहत असेल, तर हे पान त्यांच्या हातात द्या. आणि घरात सासूबाईंना किंवा वडिलांना कमी ऐकू येत असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीची आग तुम्हाला आठवत असेल. ६ ऑक्टोबर २०२३, पहाटे तीनचा सुमार. खाली पार्किंगमध्ये ठेवलेल्या कपड्यांनी आणि गाड्यांनी पेट घेतला, धूर वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला. बरोबर एका वर्षाने, ६ ऑक्टोबर २०२४ ला, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पहाटे खालच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. दोन्ही आगी माणसं झोपेत असतानाच्या.

अशा वेळी आपल्याकडे खरा अलार्म कोणता? शेजाऱ्यांची आरडाओरड, दारावरच्या थापा, वॉचमनची शिट्टी. सगळा आवाजाचाच मामला. श्रवणयंत्र वापरणारा माणूस रात्री ते काढून डबीत ठेवतो. कॉक्लिअर इम्प्लांट असलेलाही बाहेरचा भाग काढूनच झोपतो. म्हणजे दिवसा बऱ्यापैकी ऐकणारी माणसंही रात्री पूर्ण शांततेत असतात.

घाटकोपर पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका जोडप्याकडे आम्ही गेलो होतो. दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मुलगी आठ वर्षांची, तिला ऐकू येतं. दाराची बेल दाबली की हॉलमधला दिवा लुकलुकतो. ही सोय त्यांनी लग्नानंतर लगेच इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली होती. रात्री आग लागली तर कसं कळणार, असं आम्ही लिहून विचारलं. आईने मुलीकडे बोट दाखवलं.

आम्हाला काही बोलता आलं नाही. पण त्या घरात अलार्म बसवायचा, हे तिथेच ठरलं.

बाजारात मिळणारा साधा स्मोक अलार्म छताला लावतात. आत धूर शिरला की तो जोरात वाजतो, दहा फुटांवर साधारण ८५ डेसिबल. पण त्याचा सूर फार बारीक असतो, सेकंदाला ३१०० कंपनांच्या आसपास. वय वाढतं तसं सर्वांत आधी ऐकू यायचे बंद होतात ते हेच बारीक सूर. आजीला मुलाचं बोलणं कळतं पण नातीचं कळत नाही, हे आपण घरोघरी बघतो. त्यामुळे दिवसा अलार्म वाजवून दाखवल्यावर ‘येतंय की ऐकू’ म्हणणारी आजी रात्री त्याच आवाजाने उठेल, याची खात्री नाही.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ साली हेच तपासलं. कमी ऐकू येणारी माणसं त्यांनी रात्री झोपू दिली आणि वेगवेगळ्या प्रकारे उठवून पाहिली. नेहमीच्या बारीक आवाजाने निम्म्याहून थोडी जास्त माणसं उठली. ५२० कंपनांच्या जाड, घोगऱ्या आवाजाने शंभरातली ९२ उठली. गादीखाली किंवा उशीखाली थरथरणाऱ्या चकतीने ऐंशीच्या वर. आणि नुसत्या लखलखणाऱ्या दिव्याने? जेमतेम चारातला एक. दिवा बघायला डोळे उघडे लागतात ना! जागेपणी दिवा उत्तम, झोपेत त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

यातून निवड सोपी होते. थोडं ऐकू येत असेल तर जाड आवाजाचा अलार्म आणि सोबत चकती. अजिबात ऐकू येत नसेल तर चकती हवीच, दिवा तिच्या जोडीला. आपल्याला नेमके कोणते सूर ऐकू येतात, हे श्रवणचाचणीच्या आलेखावर दिसतं. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते. १९८३ पासूनची ही केंद्र सरकारची संस्था आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांची तपासणी झाली नसेल, तर या निमित्ताने करून घ्या.

चकती घेताना दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: ही अलार्मशी बिनतारी जोडलेली आहे, की अलार्मचा आवाज ‘ऐकून’ थरथरते? आवाज ऐकून चालणारी चकती बंद दारामागे फसू शकते. जोडलेला संच बरा. दुसरा प्रश्न बॅटरीचा. आपल्या इमारतींचे मीटर बॉक्स खालीच असतात, आग तिथेच लागली तर पहिल्यांदा वीज जाते. केवळ प्लगवर चालणारी चकती नेमकी तेव्हाच मुकी. आत बॅटरी असलेलीच घ्यावी आणि घरी आणल्यावर मेन स्विच पाडून ती चालते का, हे पाहावं.

आता अलार्म लावायचा कुठे? धूर वर जातो, म्हणून छताला. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तीन फूट लांब, नाहीतर पंखा धूर उडवून लावतो. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात अगदी खुपसून लावू नये, तिथे धूर उशिरा पोचतो. स्वयंपाकाच्या शेगडीपासून दहा फूट लांब असावा, असं सांगतात. आता एका खोलीच्या घरात दहा फूट आणायचे कुठून? तिथे झोपायच्या बाजूला, शेगडीपासून होईल तितका दूर लावावा आणि फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्यावा. तो फोडणीच्या धुराने कमी वेळा उगाच वाजतो आणि गादी, पडदा, वायर आतल्या आत धुमसत असेल तर लवकर ओळखतो. स्वयंपाकघर वेगळं असेल तर तिथे धुरावर नाही, उष्णतेवर चालणारा अलार्म लावावा. मिरचीचा खकाणा उठला की अलार्म वाजतो आणि वैतागून कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. अलार्म निकामी होण्याचं आम्ही पाहिलेलं सर्वांत मोठं कारण हेच. आणि हो, चिकटपट्टीने लावू नका, पावसाळ्यात खाली येतो. भाड्याचं घर असेल तर मालकांना विचारून दोन स्क्रू मारून घ्या.

गॅस गळतीचा अलार्म हवा असेल तर आधी आपल्याकडे कोणता गॅस आहे ते बघा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून ते यंत्र खाली. पाइपने येणारा गॅस हलका, त्याचं यंत्र छताजवळ. सिलिंडर बंद करून पाइपलाइन घेतलेल्या घरांत जुनं यंत्र खालीच लटकलेलं आम्ही दोनदा पाहिलं.

बॅटरी संपत आली की अलार्म अधूनमधून ‘टिक’ असा आवाज करतो. कर्णबधिर घरात तो कोण ऐकणार? म्हणून बॅटरी बदलायची तारीखच ठरवून टाकावी. दसऱ्याला आपण घरातली यंत्रं, अवजारं पुसतोच, त्याच दिवशी बॅटरीही बदलावी. दर महिन्याला बटण दाबून तपासावं आणि दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलावा.

मोबाइलचं काय, असं हल्ली सगळ्या विचारतात. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत अलार्मचा आवाज ओळखून फोन थरथरवायची सोय आहे. जरूर चालू ठेवा. पण जिवावर बेतेल अशा वेळी तिच्यावर विसंबू नका, असं आयफोन बनवणारी कंपनी स्वतःच बजावते.

इमारतीच्या जिन्यातला हुटर कर्णबधिर माणसाला ऐकू येत नाही, ही गोष्ट सोसायटीच्या सभेत कुणी बोलतच नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीने दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून द्यायचा असतो. ती माणसं आली की त्यांना त्या घरापर्यंत न्या आणि हुटरला घरातली चकती जोडता येईल का, ते विचारा. लंडनमध्ये अग्निशमन दलाची माणसं कर्णबधिरांच्या घरी जाऊन असे अलार्म फुकट लावून देतात. आपल्याकडे ही जुळवाजुळव बहुतेक घरच्यांनाच करावी लागते, तेव्हा सेक्रेटरींना दोनदा सांगायला लाजू नका. त्या घराची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे असावी. कोणाकडे, ते मात्र त्या घरच्यांनीच ठरवावं.

उठल्यावरचंही बोलू. प्रत्येक उशीशी एक टॉर्च हवा. अंधारात हातवारे दिसत नाहीत, म्हणजे वीज गेली की कर्णबधिर नवरा-बायकोचं आपसातलं बोलणंच बंद. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावा. गरम लागलं किंवा फटीतून धूर येत असेल तर उघडू नका; ओले टॉवेल फटीत कोंबा, खिडकीशी जा आणि टॉर्च हलवा. बॉक्स ग्रिलला उघडणारा भाग असेल तर त्याची किल्ली तिथेच खिळ्याला अडकवा. १०१ वर बोलता येत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बोटाने जाईल असा मजकूर आधीच लिहून ठेवा: ‘आग. आम्ही आत आहोत. खोली नंबर अमुक.’

घाटकोपरच्या घरी सगळं बसवून झालं आणि दिवसा बटण दाबलं तेव्हा दोघं हसली, चकती हातात घेऊन मुलीने खेळूनही पाहिलं. पण खरी परीक्षा झोपेतली. नवऱ्याने जागं राहायचं आणि रात्री दोन वाजता न सांगता बटण दाबायचं, असं ठरलं. पहिल्या रात्री चकती कापसाच्या जाड गादीखाली होती. बायको उठली नाही. दुसऱ्या रात्री चकती उशीच्या खोळीत घालून दोरीने बांधली. या वेळी ती ताडकन उठून बसली आणि आधी टॉर्च शोधू लागली.

अलार्म दोन्ही रात्री वाजला होता. मुलगी एकदाही उठली नाही.